सोपाऱ्याचे भंगलेले लेख आणि वाचणारे यंत्र

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड आणि विरार या स्थानकांदरम्यान असलेले नालासोपारा आज मुंबई महानगराच्या उत्तर टोकावरील अतिशय दाट वस्तीचे शहर म्हणून ओळखले जाते. २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेचा आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचा ते भाग असून, २०११ च्या जनगणनेत या महानगरपालिकेच्या हद्दीत १२ लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदली गेली. स्थानकाच्या नावात नाळे आणि सोपारा ही दोन जुनी गावे एकत्र आली आहेत. त्यांपैकी सोपारा हे प्राचीन काळी अपरांताचे, म्हणजे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील उत्तर कोकणच्या पट्ट्याचे, मुख्य नगर आणि बंदर होते. महाभारतात ते शूर्पारक या नावाने येते, बौद्ध परंपरेतील पूर्ण या व्यापारी भिक्षूची कथा याच नगराशी जोडलेली आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयनवृत्तात आणि दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलात त्याची नोंद आहे, आणि क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने जेथे धर्मशाळा बांधल्याचे नाशिकच्या लेण्यातील लेखात सांगितले आहे त्या गावांतही ते आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासात अशा गावाचे नाव सहसा घेतले जात नाही. तरीही या तंत्राचे स्वरूप काय आणि त्याचा आवाका किती, हे समजून घेण्यासाठी सोपाऱ्याइतके नेमके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, कारण उपलब्ध खुणांमधील नियमितता ओळखून नाहीशा झालेल्या खुणांचा अंदाज बांधणे हे जे काम आजची यंत्रे अफाट प्रमाणावर करतात, तेच काम येथील दोन भंगलेल्या शिलालेखांवर माणसांनी केले, आणि त्या कामाची मर्यादाही याच शिलांवर स्पष्ट दिसते.

१८८२ साली सोपाऱ्यात झालेल्या शोधाचे श्रेय पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे आहे. १८३९ साली जुनागढ येथे जन्मलेल्या भगवानलालांच्या गावाजवळच, गिरनारच्या वाटेवर, सम्राट अशोकाच्या आदेशांची प्रसिद्ध शिला उभी आहे आणि तरुणपणी ब्राह्मी अक्षरांच्या छापील तक्त्याच्या आधारे ती वाचण्याचा प्रयत्न करता करता ते या शास्त्राकडे वळले. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना आपल्या संशोधनात सामील करून घेतले आणि लेखांचे ठसे व नकला मिळवण्यासाठी देशभर पाठवले. ठसा म्हणजे ओला कागद शिलेवर दाबून आणि त्यावर शाई लावून घेतलेली अक्षरांची प्रतिकृती. जो मूळ लेख हलवता येत नाही त्याची तुलना दूरच्या लेखाशी करण्याचे ते विश्वसनीय साधन होते. भगवानलाल आपले विवेचन गुजरातीत लिहीत आणि इतर विद्वान त्याचे इंग्रजी रूप तयार करीत. परदेशातही गौरवलेल्या या पंडिताचे शिक्षण पाठशाळेपेक्षा शिलांसमोरच अधिक झाले होते, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

सोपाऱ्याच्या परिसरातील एका मोठ्या टेकाडाला स्थानिक लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत असत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांच्या सहकार्याने भगवानलालांनी १८८२ साली ते टेकाड उकरले, तेव्हा तो किल्ला नसून विटांचा बौद्ध स्तूप असल्याचे निश्चित झाले. स्तूपाच्या पोटात दगडी करंडक होता आणि त्यात तांब्याच्या डब्याभोवती आठ बुद्धमूर्ती मांडलेल्या होत्या. डब्याच्या आत चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांच्या करंड्या एकात एक बसवलेल्या होत्या, सोन्याची फुले होती, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे होते आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही होते. नाण्यावरून दुसऱ्या शतकाचा काळ सूचित होतो, तर मूर्तींची घडण पाहून नंतरच्या कलाभ्यासकांनी त्या आठव्या-नवव्या शतकांतील मानल्या. म्हणजे करंडक मध्यंतरी पुन्हा उघडला गेला असावा. हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. त्याच सुमारास गावातील एका तळ्याजवळ भगवानलालांना काळ्या पाषाणाचा एक तुटका तुकडा मिळाला. त्यावर थोड्या ओळींचे, कडेला तुटलेले ब्राह्मी लेखन होते.

त्या तुकड्याचे वाचन हाच या निबंधाचा गाभा आहे. एकाही ओळीचा आरंभ आणि शेवट धड न राहिलेले ते लेखन भगवानलालांनी अशोकाच्या आठव्या आदेशाचा भाग म्हणून ओळखले. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी प्रवास करीत, पण अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधिवृक्षाच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली, असे या आदेशात सांगितले आहे. तुकड्यावर हे सगळे लिहिलेले नव्हते. त्यावर शब्दांचे काही गट तेवढे होते. मात्र तोच आदेश गिरनार, कालसी, शाहबाझगढी, धौली, जौगड अशा ठिकाणी आधीच वाचला गेला होता, त्यामुळे उरलेल्या शब्दांचा क्रम आणि त्यांतील अंतर यांवरून गळलेला मजकूर कोणता असावा हे ठरवता आले. अशोकाचे हे मोठे शिलादेश सहसा एकेकटे कोरले जात नसत, त्यांची मालिका असे. म्हणून येथे आठवा असेल तर इतरही असले पाहिजेत, असे अनुमान साहजिकच निघाले. १९५६ साली सोपाऱ्याजवळच्या भुईगाव येथे ना. अ. गोरे यांना नवव्या आदेशाचा तुकडा मिळाला तेव्हा ७४ वर्षांनी त्या अनुमानाला दगडाचा पुरावा लाभला.

ज्या लिपीमुळे हे शक्य झाले ती उलगडण्याची रीत याहूनही बोलकी आहे. कार्ल्याच्या लेण्यातील लेखांवर काम करताना मुंबईचे पाद्री जे. स्टीव्हन्सन यांनी १८३४ च्या सुमारास काही ब्राह्मी अक्षरे नंतरच्या लिपींशी ताडून ओळखली होती. कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांनी अक्षरे आणि त्यांना जोडलेल्या स्वरचिन्हांचे तक्ते करून मूळ अक्षर कोणते आणि त्याचे स्वरयुक्त रूप कोणते हे वेगळे काढले. सांचीच्या कठड्यावरील बहुतेक छोटे लेख एकाच दोन अक्षरांनी संपतात, हे १८३७ साली त्यांच्या लक्षात आले, आणि स्तूपाला दिलेल्या वस्तूंवर शेवटी दानाचाच उल्लेख असणार, या तर्कातून ती दोन अक्षरे आणि त्यांच्या आधी येणारे षष्ठीचे चिन्ह एकदमच उलगडले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांनी करवून घेतलेली गिरनारच्या लेखाची प्रत प्रिन्सेप यांच्या हाती आली आणि १८३८ साली ओडिशातील धौलीच्या लेखाची नक्कल तिच्याशेजारी ठेवल्यावर दोन्ही ठिकाणी बहुतांशी एकच मजकूर असल्याचे दिसले. येथपर्यंतच्या वाटचालीत तीन कृती पुन्हा पुन्हा येतात: चिन्हांची वर्गवारी, त्यांच्या वारंवारितेची आणि जागेची नोंद, आणि एका प्रतीतील उणीव दुसऱ्या प्रतीवरून भरणे.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे, माणसाने केल्यास ज्याला बुद्धीचे काम म्हटले जाईल असे काम यंत्राकडून करवून घेण्याचे शास्त्र आणि तंत्र. ओळखणे, वर्गवारी करणे, अंदाज बांधणे, भाषेत उत्तर देणे, खेळात चाल निवडणे ही अशी कामे होत. हे नाव जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली मांडलेल्या प्रस्तावात प्रथम आले आणि १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात झालेल्या परिषदेने ते रूढ केले. भुईगावचा तुकडा सापडला तेच हे वर्ष, आणि त्याच वर्षी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, देशी बनावटीच्या प्रायोगिक संगणकाने काम सुरू केले होते. रंगास्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला त्याचा पूर्ण अवतार १९६० साली कार्यान्वित झाला आणि पुढे पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी त्याचे 'टीफ्रॅक' असे नामकरण केले. या तिन्ही घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. पण लेखवाचनाची आणि संगणकाची परंपरा महाराष्ट्राच्या एकाच किनारपट्टीवर शेजारी शेजारी वाढली, हे नोंदवणे आवश्यक आहे, कारण कृत्रिम बुद्धिमत्ता ही अलीकडे बाहेरून आलेली वस्तू आहे असा समज मराठी वाचकांत बराच पसरलेला आहे.

नरसिंहन यांचे या क्षेत्रातील स्थान त्या समजाला उत्तर देते. साठच्या दशकाच्या आरंभी इलिनॉय विद्यापीठात, कणभौतिकीच्या छायाचित्रांतील रेषा यंत्राला ओळखता याव्यात म्हणून त्यांनी चित्राकडे भाषेसारखे पाहण्याची कल्पना मांडली. जशी वाक्याची घटना शब्दांपासून आणि शब्दांची अक्षरांपासून होते, तशी आकृतीची घटना लहान रेषाखंडांपासून होते आणि त्या घटनेचे नियम लिहून काढता येतात, हे तिचे सूत्र होते. आकृतिबंध ओळखण्याच्या या शास्त्राला पुढे मोठी शाखा फुटली. मुंबईत परतल्यावर त्यांनी आणि एस. रमणी प्रभृतींनी टीआयएफआरमध्ये भाषा आणि बुद्धी यांवरील संशोधन वाढवले. १९८५ साली मुंबईत राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, स्वतंत्रपणे उभे राहिले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने देशात ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा जो कार्यक्रम हाती घेतला गेला, त्यात या दोन्ही संस्थांचा सहभाग होता.

ज्ञानाधारित प्रणाली हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा जुना मार्ग होय. तज्ज्ञाला विचारून त्याचे नियम 'असे असेल तर तसे' या रूपात लिहून काढायचे आणि यंत्राने त्या नियमांवरून निष्कर्ष काढायचा, अशी त्याची रीत होती. भगवानलालांसारख्या वाचकाच्या बाबतीत हा मार्ग कोठे अडला असता हे सहज लक्षात येते. झिजलेल्या दगडावरील अमुक खाच अक्षराची आहे की पाण्याने पडलेली, हे त्यांना शेकडो शिला पाहून कळत असे, पण ते कसे कळते याचे नियम त्यांनाही पूर्णपणे सांगता आले नसते. दुसरा मार्ग याच अडचणीतून रुजला. नियम सांगण्याऐवजी यंत्रापुढे उदाहरणे ठेवायची, त्याने केलेला अंदाज बरोबर उत्तराशी ताडायचा आणि चूक जितकी असेल त्या प्रमाणात त्याच्या आतील आकडे थोडे थोडे बदलत जायचे, याला यंत्रशिक्षण म्हणतात. न्यूरल नेटवर्क म्हणजे अशा आकड्यांनी जोडलेल्या साध्या गणिती घटकांचे अनेक थरांचे जाळे. त्याची बीजे १९५८ च्या फ्रँक रोझेनब्लाट यांच्या 'परसेप्ट्रॉन'पर्यंत मागे जातात, मात्र भरपूर उदाहरणे आणि वेगवान यंत्रे उपलब्ध झाल्यावर, २०१२ नंतर, त्याचा खरा प्रभाव दिसू लागला.

भाषेच्या बाबतीत या मार्गाने घेतलेले रूप म्हणजे भाषा-प्रतिमान, ज्याला लँग्वेज मॉडेल म्हणतात. दिलेल्या मजकुरानंतर किंवा मजकुरातील रिकाम्या जागी कोणता शब्द, शब्दांश अथवा चिन्ह येण्याची शक्यता किती, हे सांगणारी ती गणिती रचना असते. नोव्हेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांच्या हाती आलेली संभाषण करणारी यंत्रे मुळात अशीच मोठी भाषा-प्रतिमाने आहेत; २०१७ साली मांडलेल्या 'ट्रान्सफॉर्मर' या रचनेमुळे मजकुरातील दूरदूरच्या शब्दांचे परस्परसंबंध एकाच वेळी तोलणे त्यांना शक्य झाले, आणि पुढील शब्दाचा अंदाज इतक्या विपुल मजकुरावर घोटला गेला की त्यातून भाषांतर, सारांश, आज्ञावली लिहिणे, प्रश्नाची उकल अशी अनेक सामर्थ्ये प्रकट झाली. ही सामर्थ्ये खरी आहेत आणि त्यांना निव्वळ पोपटपंची म्हणून झटकून टाकणे अभ्यासकाला शोभणारे नाही. मात्र त्यांच्या मुळाशी असलेली क्रिया अंदाजाचीच आहे.

ही क्रिया अर्थज्ञानावाचूनही कशी चालते याचे जगातील एक अत्यंत स्वच्छ उदाहरण मुंबईतच घडले आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील लिपी अद्याप कोणालाही सर्वमान्य रीतीने वाचता आलेली नाही. इरावतम महादेवन यांनी संगणकाच्या साहाय्याने तिच्या लेखांची आणि ४१७ चिन्हांची सूची सिद्ध केली आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती १९७७ साली प्रसिद्ध केली. त्या सूचीवर टीआयएफआरमधील निशा यादव आणि मयंक वाहिया, तसेच हृषिकेश जोगळेकर, राजेश राव, रोणजय अधिकारी आणि स्वतः महादेवन यांनी २००९ आणि २०१० साली एक साधे प्रतिमान बसवले. एका चिन्हानंतर दुसरे कोणते चिन्ह किती वेळा येते याची मोजदाद करून पुढील चिन्हाची शक्यता सांगणाऱ्या अशा रचनेला, ती मांडणाऱ्या रशियन गणितज्ञाच्या नावावरून, मार्कोव्ह साखळी म्हणतात. या साखळीने मुद्दाम पुसलेली चिन्हे सुमारे ७५ टक्के अचूकतेने भरून दाखवली. ज्या लेखाचा एकही शब्द कोणाला कळत नाही त्यातील गाळलेली जागा यंत्राने बहुतेकदा योग्य भरावी, ही घटना विचार करायला लावणारी आहे. हे लेखन भाषेचेच आहे काय, यावर रिचर्ड स्प्रोट आदी अभ्यासकांनी घेतलेले आक्षेप अजून मिटलेले नाहीत, आणि चिन्हे अचूक भरली गेल्याने तो वाद मिटणारही नाही. कारण क्रमाची नियमितता आणि अर्थ या वेगळ्या गोष्टी आहेत. सोपाऱ्याच्या तुकड्यावर भगवानलालांना दोन्ही मिळाल्या होत्या, सिंधू मुद्रांवर यंत्राला पहिलीच मिळाली.

भंगलेल्या लेखांसाठी खास घडवलेले सर्वांत परिचित यंत्र म्हणजे २०२२ च्या मार्च महिन्यात 'नेचर' या नियतकालिकात वर्णिलेले 'इथाका'. डीपमाइंड या कंपनीने विद्यापीठीय अभ्यासकांसह केलेले हे न्यूरल नेटवर्क सुमारे ७८ हजार प्राचीन ग्रीक शिलालेखांवर शिकवले गेले. गळलेली अक्षरे सुचवणे, लेख मूळचा कोणत्या प्रदेशातील असावा आणि कोणत्या काळातील असावा हे सांगणे, अशी त्याची तीन कामे होत. तज्ज्ञ इतिहासकारांची अक्षरपूर्ती एकट्याने २५ टक्के अचूक ठरली, यंत्राची एकट्याची ६२ टक्के, आणि यंत्राच्या सूचना हाताशी घेऊन काम करणाऱ्या तज्ज्ञांची ७२ टक्के. या आकड्यांतील शेवटचा सर्वाधिक मोलाचा आहे. इथाका एकच उत्तर देऊन थांबत नाही. शक्यतेच्या क्रमाने अनेक पर्याय मांडते, आणि निवडीचे उत्तरदायित्व अभ्यासकाकडे राहते. अशा यंत्राचे स्वागत करण्यात भारतीय लेखविद्येने कोणताही संकोच बाळगू नये.

तथापि ग्रीक लेखांची ही पद्धत सोपाऱ्याला जशीच्या तशी लागू होत नाही. अशोकाच्या आदेशांच्या प्रती मोजक्या स्थळी आहेत आणि एकूण मजकूर आजच्या यंत्राच्या भुकेच्या मानाने अत्यल्प आहे. शिवाय त्या प्रती तंतोतंत सारख्या नाहीत, कारण आदेश कोरताना स्थानिक बोलीशी जुळवून घेतलेले आहेत. गिरनारला राजा असतो तेथे कालसीला लाजा असतो. पश्चिम भारतातील लेख पूर्वेकडील प्रतीवरून पूर्ण करू पाहणारे यंत्र आशय बरोबर ठेवूनही अक्षरे चुकवील. याहून गंभीर अडचण नवव्या आदेशात आहे, आणि भुईगावचा तुकडा नेमका त्याच आदेशाचा असल्यामुळे तिचा विचार थोडा विस्ताराने करणे योग्य होईल.

नववा आदेश मंगलविधींविषयी आहे. आजारपण, विवाह, संतती, प्रवास अशा प्रसंगी लोक, त्यातही स्त्रिया, नाना विधी करतात आणि ते अल्पफलदायी असतात. दास आणि सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान हाच खरा धर्ममंगल होय, असे त्यात सांगितले आहे. पूर्वार्ध सर्वत्र समान असलेल्या या आदेशाचा उत्तरार्ध मात्र दोन प्रकारचा आहे: गिरनार, धौली आणि जौगड येथे त्याचे एक रूप आढळते, तर कालसी, शाहबाझगढी आणि मानसेहरा येथे दुसरे. एखाद्या शिलेचा उत्तरार्ध पूर्णपणे नष्ट झाला असेल, तर केवळ पूर्वार्धावरून यंत्राने त्यापुढे कोणतेही रूप लिहून दिले तरी ते भाषेने निर्दोष, आशयाने सुसंगत आणि प्रमाणभूत प्रतींशी जुळणारे असेल. तरीही त्या शिलेपुरते ते खोटे असण्याची शक्यता तितकीच राहील. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात ज्याला यंत्राचा भास म्हणतात, म्हणजे जे अस्तित्वात नाही ते आत्मविश्वासाने सांगणे, त्याचे मूळ अशाच जागी असते. तो दोष अज्ञानातून येतो असे नाही. उदाहरणे अनेक शक्यतांना वाव देतात आणि रचना मात्र एक शक्यता निवडून सलग वाक्यात बसवते, म्हणून तो उद्भवतो.

लेखविद्येने या धोक्यावर फार पूर्वी एक साधी व्यवस्था शोधून काढली आहे. ओइगेन हुल्ट्झ यांनी १९२५ साली संपादित केलेल्या अशोकाच्या लेखांच्या बृहत्संग्रहात आणि त्यानंतरच्या सर्व जबाबदार आवृत्त्यांत, स्पष्ट दिसणारे अक्षर आणि संपादकाने तर्काने वाचलेले अक्षर वेगळे कळावे म्हणून दुसऱ्या प्रकारची अक्षरे चौकटी कंसात ठेवली जातात. ग्रीक आणि लॅटिन लेखांसाठी १९३१ साली लायडन येथे असेच संकेत ठरले. वाचकाला दगड कोठे संपतो आणि विद्वान कोठून सुरू होतो हे कंस सांगतो. संभाषण करणाऱ्या यंत्रांच्या उत्तरात हा कंस नसतो. पाहिलेले आणि अंदाजलेले एकाच सुबक अक्षरात, एकाच स्वरात येते. ही उणीव तंत्राच्या प्रकृतीत कायमची आहे असे म्हणता येत नाही, कारण प्रत्येक पर्यायाची शक्यता यंत्राच्या आत मोजलेली असतेच आणि इथाकासारख्या रचनेने ती उघड करून दाखवली आहे. ती उघड करायची की झाकायची हा बनवणाऱ्यांचा आणि वापरणाऱ्यांचा निर्णय असतो. मराठी इतिहासलेखनात या यंत्रांचा वापर वाढत जाणार हे निश्चित असल्याने, यंत्राकडून पूर्ण करून घेतलेली प्रत्येक ओळ कंसात छापण्याचा आग्रह संपादकांनी आतापासूनच धरला पाहिजे.

स्तूपातील करंडकाचा प्रश्न याहून वेगळ्या जातीचा आहे. नाणे दुसऱ्या शतकाकडे आणि मूर्ती आठव्या-नवव्या शतकांकडे बोट दाखवतात, तेव्हा कोणत्याही प्रमाणित प्रतीवरून उणीव भरता येत नाही, कारण सोपाऱ्याच्या करंडकाची दुसरी प्रत नाही. येथे लागते ती वस्तूंची परस्परांशी घातलेली सांगड, उत्खननाच्या थरांची नोंद, धातूची परीक्षा आणि स्तूप पुन्हा उघडण्यामागे कोणता धार्मिक हेतू असू शकेल याची जाण. मूर्तींच्या शैलीची तुलना हजारो छायाचित्रांशी करण्यात यंत्र मोठे साहाय्य करू शकेल आणि एखाद्या कलाभ्यासकाच्या नजरेतून सुटलेले साम्यही दाखवील. परंतु १८८२ साली मातीच्या कोणत्या थरात काय होते याची जी नोंद झाली नाही, ती आता कोणत्याही गणिताने परत येणार नाही.

यंत्रांना शिकण्यासाठी लागणारी सामग्री तयार करण्याचे काम भारतात सुरू झाले आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'भारत श्री' या नावाने शिलालेखांचा सामायिक संग्रह उभारण्याची आणि पहिल्या टप्प्यात एक लाख प्राचीन लेखांचे डिजिटल रूप करण्याची घोषणा झाली. हा उपक्रम पूर्णत्वास गेल्यास, ज्या तुलनेसाठी भगवानलालांना वर्षानुवर्षे पायपीट करावी लागली, ती एखाद्या जिल्ह्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही करता येईल. लेखांच्या अशा संग्रहाइतकाच सोपाऱ्याच्या परिसरातील जिवंत भाषेचा संग्रहही तातडीचा आहे. वसई तालुक्यातील सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती समाज जी कादोडी बोली बोलतात, तिच्यातील लिखित मजकूर थोडा असल्याने मराठीवर शिकलेले भाषा-प्रतिमान तिला प्रमाण मराठीतील चुका समजून 'दुरुस्त' करण्याची भीती असते. राजाच्या जागी लाजा वाचून तो खोदणाऱ्याचा दोष मानणाऱ्या वाचकाचे वर्तन असेच झाले असते. अभ्यासकांनी तो बोलीभेद म्हणून जपला, म्हणूनच अशोककालीन बोलींचा नकाशा आज काढता येतो.

सोपाऱ्यातील उरलेल्या आदेशांचे काय, हा प्रश्न अद्याप उघडा आहे. आठवा आणि नववा हे दोनच तुकडे हाती आले असून ते मुंबईत जतन केलेले आहेत. गिरनारप्रमाणे येथेही चौदा आदेश होते असे मानण्याकडे अभ्यासकांचा स्वाभाविक कल असतो आणि कोणत्याही यंत्राने हीच शक्यता सर्वाधिक ठरवली असती. परंतु धौली आणि जौगड येथे अकरावा, बारावा आणि तेरावा हे तीन आदेश वगळून त्यांच्या जागी कलिंगासाठी स्वतंत्र आदेश कोरलेले आहेत, म्हणजे स्थळानुसार मालिका बदलण्याची पद्धत अशोकाच्याच राज्यकारभारात होती. पाचव्या आदेशात धर्ममहामात्रांची, म्हणजे धर्माच्या आचरणावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांची, नेमणूक सांगताना पश्चिम सीमेवरील लोकांचा उल्लेख येतो. त्याच पश्चिम किनाऱ्यावरील बंदरात तो आदेश कोणत्या शब्दांत कोरला गेला होता, त्यात येथील लोकांसाठी काही बदल केला होता काय, हे गिरनार किंवा कालसीच्या प्रतीवरून सांगता येणार नाही. त्यासाठी तिसरा दगडच सापडावा लागेल, आणि तो सापडण्याची शक्यता जेथे आहे ती सोपारा, भुईगाव आणि त्यांच्या भोवतालची तळी-टेकाडे यांची जमीन इमारतींच्या पायांसाठी झपाट्याने उकरली जात आहे. त्या प्रत्येक खोदाईच्या वेळी पुरातत्त्वज्ञाची उपस्थिती बंधनकारक करणे आज शक्य आहे, आणखी वीस वर्षांनी त्याचा फारसा उपयोग उरणार नाही.